गौतम मास्तरांचा परदेशी व्यापार

प्रिय मीरा आणि ओंकार,

मीराचा ई-मेल तुमच्या आजोबांनी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेतून छापून आणला. मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. आंतरराष्ट्रीय व्यवसाय या विषयात पदवीला प्रवेश मिळाला, याचा आम्हा दोघांना फार आनंद झाला. शेवटी तू गमतीने एक ओळ लिहिली आहेस, ‘आजी, तुमच्या शहापूर-मुरबाडकडे या विषयाचं नाव तरी कुणी ऐकलं असेल का?’ ऐकले होते. एका माणसाने तो विषय घेऊन बी.कॉम. केले, आणि त्याचा निम्मा अभ्यास एसटीत आणि निम्मा आपल्या ओटीवर झाला. तुझे वर्ग सुरू होण्याआधी त्या माणसाची तुला ओळख असावी असे वाटले, म्हणून लिहायला बसले. ओंकारने निदान एसटीचा भाग तरी वाचावा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षे असतील. मी राहायला शहापुरात आणि इंग्रजी शिकवायला मुरबाडच्या कॉलेजात होते. सकाळी किन्हवली-सरळगाववरून जाणारी एसटी पकडायची आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. एके दिवशी परतीच्या गाडीवर नवा कंडक्टर दिसला. उंच, काटकुळा, खाकी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. या मास्तरांनी सगळ्यांची तिकिटे फाडून झाल्यावर हातातल्या चिमट्याने माझ्या पुढच्या बाकाची दांडी टकटक वाजवली.

“बाई, तुमी कालेजात इंग्रजीच्या ना? कन्साइनी म्हंजे कोण?”

मी म्हटले, “ज्याच्या नावावर माल पाठवलाय, तो.”

“म्हंजे माल घेणारा. मग बायर येगळा कशाला ल्हिलाय?”

याचे उत्तर मला येत नव्हते. शेक्सपिअर शिकवणाऱ्या बाईला कोण विचारणार असले प्रश्न? “उद्या सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्यांनी संपलेल्या तिकीटगठ्ठ्याचा पुठ्ठा खिशातून काढला, त्यावर तो शब्द लिहिला आणि म्हणाले, “उद्या नक्की. मी पन याच गाडीला हाय.”

दुसऱ्या दिवशी मी कॉमर्सच्या सहकाऱ्याला विचारून उत्तर घेऊन गेले, की पैसे देणारा एक आणि माल ताब्यात घेणारा दुसराच असू शकतो. त्यानंतर रोज एक शब्द, हा नेमच झाला. पुठ्ठ्यावर शब्द लिहिलेला असे, मी अर्थ सांगे, ते तो मराठीत स्वतःच्या भाषेत म्हणून बघत. गाडीतल्या लोकांना याची इतकी सवय झाली की शब्द अवघड निघाला की मागून कुणीतरी ओरडे, “बाई, सोपं करून सांगा, मास्तरचं तोंड बगा कसं झालंय!” एकदा ‘इन्शुरन्स’च्या नादात त्यांनी घंटी दिलीच नाही आणि एक आजीबाई दोन थांबे पुढे गेल्या. “तुज्या परदेशापायी मी शेजारच्या गावाला जातंय रे मेल्या!” असा त्यांनी उद्धार केला. मास्तरांनी समोरून येणारी गाडी हात दाखवून थांबवली आणि आजींना हाताला धरून तिच्यात बसवून दिले.

त्यांचे नाव गौतम. वय अडतीस. घर धसईच्या पलीकडे एका लहान गावात, बायको सुमन, दोन मुले शाळेत, थोडी शेती. दहावीनंतर नोकरीला लागले, नोकरीत बारावी केली, आणि आता बाहेरून बी.कॉम. करत होते. शेवटच्या वर्षाला त्यांनी आंतरराष्ट्रीय व्यापार हा ऐच्छिक विषय घेतला होता. त्याच्या नोट्स मराठीत मिळत नव्हत्या, म्हणून ही शब्दांची खटपट.

मी त्यांना एकदा विचारले, “अहो, सोपे विषय होते की. हाच का घेतलात?”

ते म्हणाले, “बाई, भात निघाल्यावर आमच्याकडं समदे भेंडी लावतात. वाशीचा माणूस येतो, खोकी भरतो, परदेशात जाते म्हनतो. कुठल्या देशात, काय म्हाईत नाय. मी गाडीत माणसाला इचारल्याबिगर तिकीट फाडत नाय, कुठं उतरनार म्हून. भेंडीला कुनी इचारतच नाय.”

शनिवारी त्यांची गाडी शहापूरला वस्तीला असे. मग शनिवारी सहा ते आठ ते आपल्या ओटीवर येऊ लागले. हातपाय धुऊन, सदरा बदलून, वही दोन्ही हातांत धरून. तुमचे आजोबा प्रथम वैतागले, कारण ती त्यांची बातम्यांची वेळ. पण महिनाभरात तेच पेपर बाजूला ठेवून ऐकत बसू लागले.

ऐकण्यासारखेच होते ते. बिल ऑफ लेडिंग मी त्यांना अर्धा तास समजावले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हंजे आपलं लगेज तिकीट. टोपली टपावर टाकली, तिकीट मालकाच्या हातात. तिकीट दाखव, टोपली घे.” पुढच्या शनिवारी एफओबी आणि सीआयएफ आले. “एफओबी म्हंजे टोपली टपावर चढंपर्यंत जबाबदारी इकणाऱ्याची. चढली, का मग घेणाऱ्याची. सीआयएफला भाडंबी इकणाऱ्यानंच भरायचं, इम्याचं बी त्यानंच बगायचं.” आजोबा म्हणाले, “अहो, हे पुस्तक तुम्हीच का लिहीत नाही?” मास्तर लाजले. “पुस्तकात टप नसतो ना साहेब.”

मीरा, तुझ्या जाड पुस्तकांत हे शब्द आले की आमच्या एसटीचा टप आठव. मला तर अजून दुसरे काही आठवत नाही.

शेवटच्या वर्षाला त्यांना एक प्रकल्प लिहायचा होता. इतर विद्यार्थी कुठून तरी उतरवून काढत. मास्तरांनी ठरवले की आपण खरीच भेंडी पाठवायची. वाशीचा एक निर्यातदार चाचणी म्हणून साठ खोकी घ्यायला तयार झाला. माल तपासणीत पास झाला, तर पुढच्या हंगामापासून त्याची गाडी आठवड्यातून तीनदा थेट गावात येणार होती. मधला माणूस नको, आणि आपला माल कुठे जातो तेही कळणार. सात शेतकरी मोठ्या मुश्किलीने तयार झाले. शाळेच्या पडवीत सभा झाली, मास्तरांनी वहीतले नियम वाचून दाखवले. बाळाराम नावाचा त्यांच्यातला मोठा बागायतदार म्हणाला, “मास्तर, आता भेंडीचा पासपोर्ट काडनार का काय?”

“काडायचाच हाय,” मास्तर म्हणाले. “पन फोटो सरळ आला पायजे. वाकडी भेंडी नको, तीन-चार इंचापेक्षा मोठी नको.” लोक हसले आणि तयार झाले. पण बाळाराम जाता जाता बोललाच, “हे पडलं ना मास्तर, तर तुमचं बुक चुलीत घालीन.”

खोकी भरायच्या दिवशी रविवार होता. मास्तरांनी आम्हाला बोलावले होते, म्हणून आम्ही दोघे सकाळच्या गाडीने गेलो. सुमनच्या अंगणात बारा-चौदा बायका गोल बसून भेंडी निवडत होत्या. त्यांच्यात म्होरकी होती सगुणाबाई, साठीची, हात असे चालत की मापाची पट्टी लागू नये. मास्तर धसईला टेंपो आणायला गेले होते. सगुणाबाईने पोरींना पाठवून ओढ्याकाठची पळसाची कोवळी पाने आणवली होती. प्रत्येक खोक्यात तळाला दोन ओली पाने, मग भेंडी रचून वर पुन्हा दोन पाने, अशी ती घालत होती. आपल्याकडे बाजाराला भाजी न्यायची ती अशीच. टोपली पानाने सजवल्याशिवाय माल घराबाहेर काढत नाहीत. भाजी गार राहते, आणि उघड्या अंगाने पाठवली असेही होत नाही. हिरव्या पानांत हिरवी भेंडी इतकी छान दिसत होती की मी सगुणाबाईला म्हटले, “किती सुरेख भरलंय हो!”

ती म्हणाली, “परमुलकात चाललीय बाई. नटवून धाडाया पायजे.”

मास्तर टेंपो घेऊन आले तेव्हा सगळी खोकी चिकटपट्टी लावून बंद झाली होती.

ती साठही खोकी वाशीला नापास झाली. तपासनीसाने पहिलेच खोके उघडले, पान उचलले, पानाच्या पाठीवर बारीक किडे होते. नसते तरी फरक पडला नसता. पान, गवत, माती यांतले काहीही खोक्यात चालत नाही, असा परदेशचा नियम आहे. दुपारपर्यंत उन्हात राहिलेली ती भेंडी कुठे विकण्याजोगीही उरली नाही.

पुढच्या शनिवारी मास्तर आले. वही आणली होती, पण उघडली नाही. ओटीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “बाई, त्यो नियम आपन वाचला व्हता. पाचवा धडा. तुमीच मला क्वारंटाइनचा अर्थ सांगितला. पेपरात आला असता तर पैकीच्या पैकी घेतले असते. आन् माज्या अंगणात काय भरतात ते मी बगितलं नाय.”

मी सांगून टाकले, “मी बघितलं होतं. सुरेख आहे असं म्हटलं होतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या आठवड्यात प्रथमच हसले असावेत. “मग तुमी पन नापास,” म्हणाले.

गावात मात्र कुणी हसत नव्हते. पुढे काय झाले ते मला सुमनने नंतर साभिनय सांगितले. पडवीत पुन्हा सभा बसली. बाळाराम म्हणाला, “बायकांच्या हातात दिलं का असंच व्हायचं. कुनी सांगितली व्हती पानं घालायला?” बायका लांब भिंतीशी उभ्या होत्या, सगुणाबाई पदर तोंडावर घेऊन. मास्तर उठले. “पानं घालायला कुनी सांगितलं नाय, खरं हाय. पानं घालू नका, हे तरी कुनी सांगितलं? मागल्या सभेला यातली एक तरी बाई बोलावली व्हती? नियम मी तुमाला वाचून दाखवला बाळारामशेठ. तुमी खोकी भरता का? भेंडी नापास झाली नाय, मी झालो. माज्या बुकाला काय करायचं ते करा, पन ह्यांना बोलायचं नाय.”

बाळारामने बुक चुलीत घातले नाही. पण सातातले तीन शेतकरी बाजूला झाले.

मास्तर वाशीला जाऊन त्या निर्यातदाराच्या दारात दिवसभर बसले. संध्याकाळी तो म्हणाला, एप्रिलमध्ये हंगामाची शेवटची गाडी आहे, तिला वीस खोकी आणा, त्यानंतर मला विचारू नका. एवढीच संधी होती. ती गेली असती तर त्या गावातून पुन्हा कुणी स्वतःच्या नावाने माल पाठवायला धजले नसते, आणि शिक्षणाचा उपयोग काय, याचे उत्तर सगळ्या पंचक्रोशीला कायमचे मिळाले असते.

मग त्यांची शाळा सुरू झाली. सुटीच्या दिवशी दुपारी अंगणात बायका बसत आणि मास्तर वहीतले मराठीत करून वाचत. माझ्या वर्गातही मी इतके प्रश्न ऐकलेले नाहीत. सगुणाबाईचा पहिलाच प्रश्न होता, “पान नको तर नको. मग भेंडी सुकंल ती?” हे पुस्तकात नव्हते. मास्तर पुन्हा वाशीला जाऊन विचारून आले. दव सुकल्यावर पण ऊन चढायच्या आत तोडायची, धुवायची नाही, सावलीत पसरायची, भोके असलेल्या खोक्यात कोरा कागद घालायचा. सगुणाबाईने सगळे बोटांवर मोजले. “पान नाय, पानी नाय, माती नाय, वाकडी नाय, मोठी नाय. ह्या सायबाला भेंडी पायजे का सून?”

हे सुमन सांगत होती तेव्हा आजोबांना हसता हसता ठसका लागला.

एवढे झाल्यावर परीक्षेचे वेळापत्रक आले. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पेपर कल्याणला, सकाळी अकरा ते दोन, आणि शेवटची गाडी त्याच दिवशी. मास्तरांनी मला वेळापत्रक दाखवले आणि म्हणाले, “पेपर आक्टोबरला पन देता येतो बाई. गाडी आक्टोबरला नाय.” माझ्या मते त्यांनी पेपर द्यायला हवा होता, पण एकदा मत देऊन मी नापास झाले होते. निर्णय सुमनने केला. घरी त्यांनी विषय काढताच ती म्हणाली, “पेपर तुमचा हाय, भेंडी आमची हाय. ज्याचं त्यानं बगावं.”

त्या दिवशी पहाटे सुमन, सगुणाबाई आणि आणखी एकजण टेंपोत खोक्यांबरोबर बसून वाशीला गेल्या. तिघींपैकी कुणीही कल्याणच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. मास्तर परीक्षेला बसले. पहिले दोन प्रश्न लिहिले, तिसरा अर्धा लिहिला, आणि मग त्यांचे लक्ष लागेना. एक वाजता पेपर पर्यवेक्षकाच्या हातात ठेवून ते बाहेर पडले आणि मिळेल त्या गाडीने वाशीला पोचले. निर्यातदाराच्या आवारात तिघी पायरीवर बसून भाकरी खात होत्या.

“काय झालं?” मास्तरांनी धापा टाकत विचारले.

सुमन म्हणाली, “तुमचं काय झालं? पेपर टाकून आलाव? आमी काय हरवनार व्हतो का?”

वीसच्या वीस खोकी पास झाली होती. तपासनीसाने सहा खोकी उघडली, उलटी केली. भेंडी धुतली होती का, विचारले. सगुणाबाई म्हणाली, “धुतली असती तर काळी पडली नसती का? तुमी येवडे शिकल्यालं, म्हाईत नाय?” तो हसला आणि शिक्का मारला. माल कुठे जाणार, हेही सुमनने त्याला विचारून घेतले होते. लंडनला. मास्तरांनी तिला ते दोनदा सांगायला लावले, म्हणे पायरीवर बसून त्यांचे डोळे भरून आले होते. सुमनच्या मते ते धुळीने.

पेपरात ते चार गुणांनी नापास झाले. गाडीत कुणी विचारले तर सरळ सांगत, “माल पास, मास्तर फेल.” ऑक्टोबरला पुन्हा बसले आणि पास क्लासात बी.कॉम. झाले. पेढे आणले तेव्हा मी विचारले, आता नोकरी बदलणार का? म्हणाले, “कशाला? गाडीत रोज शंभर माणसं भेटतात. हापिसात चार.”

पुढच्या हंगामापासून निर्यातदाराची गाडी खरेच गावात येऊ लागली आणि बाजूला झालेले तिघे परत आले. दोन हजार सालानंतर टोकावड्यापर्यंतची गावे मास्तरांना बोलावू लागली. ते जात, पण त्यांची एक अट असे. “सभेला बायका नसतील तर मी येनार नाय. पुरुषांना सांगितलेलं खोक्यापर्यंत पोचत नाय, हे मी शिकून बसलोय.” एका गावी ते पोचले तेव्हा फक्त पुरुष जमलेले दिसले. चहा न घेता तसेच उलट्या गाडीने परत आले. पुढच्या आठवड्यात त्या गावाने बायकांना बोलावून पुन्हा निरोप धाडला, तेव्हा गेले.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या भेटी कमी झाल्या. अधूनमधून शनिवारी येत, आजोबांशी बातम्यांवर वाद घालत. तीन वर्षांपूर्वी, निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना, हृदयविकाराने ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही गेलो होतो. बुद्धवंदना झाली, चारसहा जण बोलले. बाळारामशेठ उठले आणि नुसते हात जोडून खाली बसले. सगुणाबाई आता ऐंशीच्या घरात आहे. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “आमाला कुनी कधी इचारलं नव्हतं. त्यानं इचारलं.”

मीरा, तू या विषयात माझ्यापेक्षा आणि त्यांच्यापेक्षाही पुष्कळ शिकशील. मला तुला उपदेश करायचा नाही. शिकलेली गोष्ट शेवटी कुणाच्या हाताने व्हायची आहे, ते हात तू एकदा जाऊन पाहावेस, एवढेच वाटते. मी पाहिले होते, आणि तरी मला दिसले नव्हते.

त्यांच्या घरामागे गावाने बांधलेली पत्र्याची शेड अजून आहे. भात निघाल्यावर तिथे आठवड्यातून तीन दिवस माल निवडला जातो, आणि गाडीवाल्याच्या कागदावर गावाच्या वतीने सही सुमन करते.

तुमची,
आजी